पायाला बांधलेली चिठ्ठी: रानपिंगळा ११३ वर्षांनी कसा सापडला

कुणी लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, कुणी एसटीच्या खिडकीशी बसून, कुणी रात्री पांघरुणात शिरून. आजचा भाग खास त्यांच्यासाठी, जे या पावसाळ्यात कॉलेजच्या फील्ड ट्रिपला जाणार आहेत. म्हणजे कुठल्यातरी घाटात, सड्यावर नाहीतर अभयारण्यात जाऊन झाडं, फुलं, पक्षी, बेडूक, फुलपाखरं यांची नोंद करायची, आणि परत आल्यावर जर्नल लिहून सबमिट करायचं.

मी अशा ट्रिपांना बऱ्याचदा सोबत जाते. आणि दर वेळी एक प्रश्न येतोच. ‘मॅडम, फोटो काढलाय ना? मग वहीत परत कशाला लिहायचं?’

प्रश्न रास्त आहे. पावसात वही भिजते, पेन चालत नाही, आणि फोन तर हातातच असतो. मग तारीख, गाव, वेळ, आजूबाजूला काय होतं, कुणी पाहिलं, ही सगळी उठाठेव कशासाठी? याचं उत्तर मी आज एका गोष्टीतून देणार आहे. गोष्ट खरी आहे आणि ती आपल्या खानदेशात घडलेली आहे. तिच्यात एक घुबड आहे, एक कलेक्टर आहे, एक चोर आहे, आणि पायाला दोऱ्यानं बांधलेली इवलीशी चिठ्ठी आहे.

ह्यूमसाहेबांचं दुसरं वेड

अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव तुम्ही शाळेत वाचलंय. १८८५, राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना, एका मार्काचा प्रश्न. पण या माणसाला त्याआधी दुसरंच वेड होतं, ते म्हणजे पक्षी. देशभर पसरलेले इंग्रज अधिकारी, रेल्वेचे इंजिनिअर, सर्व्हे करणारे लोक यांच्याकडून ते पक्ष्यांची माहिती आणि नमुने मागवत. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्ष्यांना वाहिलेलं नियतकालिकही त्यांनी चालवलं.

नमुने म्हणजे काय, हेही सांगते. त्या काळी पक्ष्याची नोंद करायची म्हणजे त्याला बंदुकीनं मारायचं, कातडी सोलून आत कापूस वगैरे भरायचा आणि ती जपून ठेवायची. आज ऐकायला वाईट वाटतं, पण तेव्हा रानातला पक्षी सहज टिपता येईल असा ना कॅमेरा होता ना ध्वनिमुद्रण. पुरावा दाखवायचा तर पक्षीच दाखवायला लागायचा. आणि या प्रत्येक कातडीच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असायची. त्यावर कुठे मिळाला, कधी मिळाला आणि कुणी मिळवला, हे लिहिलेलं असायचं.

१४ डिसेंबर १८७२ रोजी एफ. आर. ब्लेविट यांनी बसना–फुलझर भागात एक लहानसं घुबड मिळवलं. हा भाग आज छत्तीसगडमध्ये येतो. नमुना ह्यूमकडे गेला. ह्यूमनं पाहिलं, तर हा आपल्या गावात, पडक्या भिंतीत, आंब्याच्या ढोलीत दिसतो तो नेहमीचा पिंगळा नव्हे! १८७३ मध्ये त्यांनी ही नवीन जात म्हणून जाहीर केली आणि ब्लेविटचं नाव तिला दिलं. आज मराठीत आपण या पक्ष्याला रानपिंगळा म्हणतो.

दोघांमधला फरक सांगून ठेवते, कधीतरी उपयोगी पडेल. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढरा, आणि शरीराच्या मानानं पाय चांगलेच दणकट. शिवाय हा गडी दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून असतो. म्हणजे शोधायला फार अवघड नसावा, असंच कुणालाही वाटेल.

खानदेशचा कलेक्टर

१८७७ मध्ये आणखी एक रानपिंगळा आजच्या ओडिशातल्या खरियार भागात मिळाला. त्यानंतर गोष्ट आपल्याकडे येते. जेम्स डेव्हिडसन नावाचे सनदी अधिकारी तेव्हा खानदेशात नेमणुकीवर होते. दिवसा सरकारी काम, आणि जमेल तेव्हा पक्षी. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा आणि तळोदा या भागात, १८८० ते १८८४ च्या दरम्यान त्यांनी रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले.

मला डेव्हिडसनचं जास्त कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी छापली. स्वतःच तिला ‘कच्ची यादी’ म्हटलं. नुसत्या दुर्मिळ पक्ष्यांची नव्हे, त्या भागातल्या सगळ्या पक्ष्यांची यादी. जे दिसलं ते लिहिलं, मोठेपणा नाही, आव नाही. तुमच्या ट्रिपच्या जर्नलमध्ये मास्तर जी चेकलिस्ट मागतात ना, ती हीच.

आणि मग सगळं शांत झालं. १८८४ नंतर रानपिंगळा कुणालाच दिसला नाही.

तिकडे ह्यूमचंही मन उडालं. ते बाहेरगावी असताना सिमल्याच्या घरातले त्यांचे पक्ष्यांवरचे हस्तलिखित कागद नोकरानं बाजारात रद्दीच्या भावानं विकून टाकले. पंचवीसेक वर्षांची मेहनत पुड्या बांधायला गेली! १८८५ मध्ये त्यांनी आपला प्रचंड संग्रह, सुमारे ८० हजार कातड्या, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कागद गेले, पण कातड्या आणि त्यांच्या पायाच्या चिठ्ठ्या वाचल्या. पुढची गोष्ट त्या चिठ्ठ्यांची आहे.

एक खोटी चिठ्ठी

आता चोर येतो. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, गुप्तहेर, आणि पक्षीजगतातलं फार मोठं प्रस्थ. आपले सालिम अली १९३७ मध्ये त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या पक्षी मोहिमेवर गेले होते, इतकं ते नाव वजनदार. या कर्नलच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: १९१४, मांडवी. ही मांडवी म्हणजे गुजरातमधली, तापीकाठची.

म्हणजे हिशोब असा झाला, की रानपिंगळा १९१४ पर्यंत तरी होता, आणि तो गुजरातमध्ये होता. पुस्तकांत तसं छापून आलं. पुढे जे शोधायला निघाले, ते या चिठ्ठीवर विश्वास ठेवून तिकडेही गेले. सालिम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ले यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. हळूहळू सगळे म्हणायला लागले, संपला बहुतेक.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियनमधल्या पामेला रासमुसेन भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर पुस्तकाचं काम करत होत्या. त्यासाठी त्या संग्रहालयांतले जुने नमुने एकेक करून तपासत होत्या. कर्नलच्या नमुन्यांबद्दल कुजबुज आधीपासून होतीच. फार पूर्वी त्यांना ब्रिटिश म्युझियमच्या पक्षी विभागात यायला काही काळ बंदीही झाली होती, परवानगीशिवाय नमुने बाहेर नेले म्हणून.

आता एक गंमत ऐका. प्रत्येक माणसाची शिवण वेगळी असते. आपल्या आजीनं शिवलेली गोधडी आपण लांबून ओळखतो, तसंच. पक्ष्याची कातडी कशी उघडली, आत काय भरलं, टाके कसे घातले, यावरून ती कुणाच्या हातची हे जाणकाराला कळतं. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या ‘मांडवीच्या’ रानपिंगळ्याची कसून तपासणी केली. निघालं काय? तो मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेला, म्युझियममधून चोरलेला, पुन्हा उसवून भरलेला आणि नवी खोटी चिठ्ठी बांधलेला नमुना होता तो! हे सगळं त्यांनी १९९९ मध्ये पुराव्यांसकट प्रसिद्ध केलं.

पक्षी खरा होता. तो रानपिंगळाच आहे याबद्दलही शंका नव्हती. खोटी होती ती फक्त चिठ्ठी. पण चिठ्ठी खोटी म्हटल्यावर त्या नमुन्याचा उपयोग तर गेलाच, वर तो लोकांना चुकीच्या गावाला पाठवत राहिला.

२५ नोव्हेंबर १९९७

खोटी चिठ्ठी बाजूला काढली की हातात उरतात फक्त खऱ्या चिठ्ठ्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघं १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आले आणि त्यांनी तेवढंच केलं. जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं गाठायची. आधी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या. तिथे काही नाही. मग ते खानदेशात आले, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी, पानं झडलेल्या एका झाडावर, उन्हात बसलेला रानपिंगळा बेन किंगना दिसला. कोरं डोकं, ठळक पट्टे, दणकट पाय. त्यांनी व्हिडिओ घेतला. ११३ वर्षांनी!

विचार करा. डेव्हिडसनला कधीच कळलं नाही की आपल्या चिठ्ठीचा असा उपयोग होणार आहे. त्यानं फक्त गाव नीट लिहिलं होतं. शंभर वर्षांनी त्याच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी तिथे गेलं, आणि पक्षी तिथेच होता.

आणि तिथे राहणाऱ्या भिल्ल, पावरा लोकांचं काय? त्यांच्या जंगलातून पक्षी काही कुठे गेला नव्हता. ‘हरवला’ होता तो आपल्या कागदांवरून. म्हणून पुन्हा सापडला असं म्हणताना मला नेहमी जरा थांबायला होतं. त्या जुन्या चिठ्ठ्यांवर साहेबांची नावं आहेत. वाट दाखवणाऱ्यांची, ढोली दाखवणाऱ्यांची नाहीत. तुमच्या वहीत हे टाळता येईल. गावातल्या आजोबांनी झाडाचं नाव सांगितलं, तर ते नाव लिहाच, आणि कुणी सांगितलं तेही त्यांना विचारून लिहा.

झाडांच्या बाबतीतही तेच

तुम्ही म्हणाल, हे झालं पक्ष्यांचं. आम्ही बॉटनीवाले, आमचं काय? तर थिओडोर कुक नावाचे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य होते. १९०१ ते १९०८ या काळात त्यांची मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं निघाली. आजही आपल्याकडचे वनस्पतिशास्त्राचे लोक ती उघडतात. त्यात प्रत्येक झाडाखाली ते कुठे मिळालं आणि कुणाला मिळालं ते दिलेलं आहे. काही नावांपुढे उद्गारचिन्ह दिसतं. मला आधी वाटलं, साहेबांना आश्चर्य वाटलं की काय! पण वनस्पतींच्या अशा ग्रंथांत त्या चिन्हाचा अर्थ असतो, ‘हा नमुना मी स्वतः पाहिलाय.’ ऐकीव काय आणि डोळ्यांनी पाहिलेलं काय, हे एका चिन्हात वेगळं केलं.

तारखेचंही तसंच. सह्याद्रीतली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, हे आपल्याला माहीत आहे. कुणीतरी वर्षं लिहून ठेवली म्हणूनच ना ते पक्कं झालं? नुसता जांभळा डोंगर दिसणारा फोटो, खाली ‘निसर्गाची किमया’, यातून हे कधीच कळलं नसतं.

आणि फक्त सुंदर, दुर्मिळ तेच लिहायचं असं नाही. गाजर गवत बघा. मूळचं अमेरिका खंडातलं. १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी पुण्यातल्या या गवताची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. तेव्हा ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. आज ते देशभर रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर माजलंय. ते कधी आणि कसं पसरलं, हे आपण सांगू शकतो, कारण कुणीतरी एका साध्या तणाकडे वाकून बघितलं आणि तारीख टाकली. तुमच्या सड्यावर आज सोनकी आणि तेरडा किती आहे, घाणेरी किती आहे, हे लिहा. दहा वर्षांनी जो तिथे जाईल, त्याला तुमचा आकडा लागणार आहे.

आता तुमच्या फोनकडे वळू

डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर जे होतं, ते सगळं आज तुमचा फोन आपोआप करतो. तारीख, वेळ, लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा. कुणाला मारायची गरज नाही. पण काही गोष्टी आपल्याच हातात आहेत.

पहिली. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला, की त्याच्या आत लपलेली जागेची माहिती निघून जाते. ग्रुपवर फिरून परत आलेला फोटो म्हणजे चिठ्ठी तुटलेली कातडी. म्हणून मूळ फोटो ठेवा, किंवा पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसऱ्याचा फोटो आपल्या जागेच्या नावानं तर कधीच टाकू नका. ‘आमच्या गावात दिसला’ म्हणून भलतीकडचा फोटो टाकणारे काका तुमच्याही ग्रुपवर असतील. कर्नलसाहेबांनी तरी वेगळं काय केलं होतं?

दुसरी. जीपीएससोबत गावाचं नाव, तालुका, वाट, ओढा हेही लिहा. नावं बदलतात. डेव्हिडसनच्या वेळी शहादा खानदेश जिल्ह्यात होतं. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले. १९९७ मध्ये रानपिंगळा दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, आणि १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. गाव तेच, पत्ते किती झाले बघा.

तिसरी. फोटोत जे येत नाही ते लिहा. मागच्या वर्षी एका ट्रिपवर मी दोन वह्या पाहिल्या. एकीत होतं, ‘पिवळं फूल, खूप सुंदर.’ दुसरीत होतं, ‘कातळावर, पाणी साचलेल्या खळग्यात, पाच-सहा रोपं, दोन फुललेली, वर मधमाशी, सकाळी सव्वादहा, नाव माहीत नाही.’ नाव दोघींनाही माहीत नव्हतं. पण दुसऱ्या वहीवरून सरांनी संध्याकाळी नाव शोधून काढलं. ‘नाव माहीत नाही’ लिहायला लाजू नका. अंदाजानं ठोकून देण्यापेक्षा ते लाख पटीनं चांगलं.

चौथी. आयनॅचरलिस्ट, ईबर्ड यांसारख्या अॅपवर नोंद टाका, म्हणजे ती जर्नलबरोबर रद्दीत जाणार नाही. आठवतायत ना ह्यूमचे कागद? अॅपनं सुचवलेलं नाव मात्र डोळे मिटून स्वीकारू नका. आणि एखादं दुर्मिळ ऑर्किड किंवा घरटं सापडलं, तर नेमकी जागा जगजाहीर करू नका. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा स्वतःहूनच धूसर दाखवतं. नोंद खरी ठेवायची, पण रीलमध्ये वाटेचा पत्ता द्यायचा नाही. उपटून नेणारेही रील बघतात.

नोंद नसेल तर

शहाद्यानंतर शोध थांबला नाही. फराह इश्तियाक, असद रहमानी यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत सातपुड्यात आणि मेळघाटात आणखी रानपिंगळे शोधले. २०१४ मध्ये तर तो तानसाच्या जंगलात दिसला. मुंबईच्या नळाला ज्या तलावाचं पाणी येतं, त्याच्या काठचं जंगल! नव्या जागा कळत गेल्या, तशी २०१८ मध्ये त्याची ‘अतिसंकटग्रस्त’ ही श्रेणी बदलून ‘संकटग्रस्त’ झाली. पण त्याचं घर म्हणजे जुन्या झाडांच्या ढोल्या, आणि तसं जंगल तुटत चाललंय. धोका टळलेला नाही.

एखाद्या डोंगरावर उद्या खाण येते, रस्ता येतो, रिसॉर्ट येतं. तेव्हा कागद मागितले जातात: इथे कुठली झाडं आहेत, कुठले प्राणी आहेत? ज्या जागेची नोंदच नाही, तिथे ‘काही विशेष नव्हतं’ असं लिहून टाकणं फार सोपं असतं. अशा वेळी कुणा विद्यार्थ्यानं तारीख-वार, गाव-शिवार लिहून ठेवलेली एक ओळ उभी राहते. ती ओळ खरी असेल तरच टिकते. एक जरी खोटी निघाली, तर बाकीच्या नव्व्याण्णवांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तर मंडळी, पुढच्या ट्रिपला काय दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं आणि कुणी पाहिलं, या चार गोष्टी जागेवरच लिहा, रात्री हॉस्टेलवर आठवून नाही. दुर्मिळ काही नाही दिसलं तरी चालेल. तुमच्या गावातला साधा पिंगळा कुठल्या झाडाच्या ढोलीत बसतो, इथून सुरुवात करा. आणि हा भाग ट्रिपच्या ग्रुपवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि वहीला प्लास्टिकची पिशवी घाला!